आधी आलेली पोच

टेलिप्रिंटरच्या कागदी फितीवर दोन आकारांची भोकं असतात. मोठी भोकं अक्षरांची; आडव्या ओळीत जास्तीत जास्त पाच. लहान भोकांना काही अर्थ नसतो. यंत्राचं दातेरी चाक त्यांत अडकून फीत पुढे ओढतं, एवढंच त्यांचं काम. ही लहान भोकं फितीच्या अगदी मधोमध नसतात. त्यांच्या एका बाजूला तीन मोठ्या भोकांची जागा असते, दुसऱ्या बाजूला दोन. त्यामुळे फीत उलटी धरली आहे की सुलटी, ते नुसत्या बोटाला कळतं.

हे आधी सांगते, कारण पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं, फीत उलटी लागली नसेल ना? नव्हती.

१९७५ सालच्या उन्हाळ्यात मी सोलापुरात ज्वारी खरेदी करणाऱ्या एका संघात नोकरीला होते. कचेरी सात रस्त्याजवळ, पहिल्या मजल्यावर. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी म्हणून मला टेलिप्रिंटरवर बसवलं होतं. संघाचे पाच डेपो होते: अक्कलकोट, बार्शी, कुंभारी, सांगोला आणि मंगळवेढा. प्रत्येक ठिकाणी आमच्यासारखंच एक यंत्र, तारखात्याकडून भाड्याने घेतलेल्या लाइनवर.

पाचांना वेगवेगळा निरोप द्यायचा तर पाच वेळा टाइप करावा लागे. एकच निरोप सगळ्यांना द्यायचा असेल तर मजकूर एकदा फितीवर भोकं पाडून तयार करायचा, मग कळफलकावर ‘सर्व’ अशी आज्ञा टाइप करायची आणि फीत सोडून द्यायची. पाच गावांतली पाच यंत्रं एकदम खडखडायला लागत. निरोप संपला की पाचही डेपो ठरलेल्या क्रमाने पोच पाठवत. पहिलं अक्कलकोट, शेवटचं मंगळवेढा. पोच म्हणजे तिथल्या माणसाने टाइप केलेली एखादी ओळ, आणि तिच्याखाली यंत्राने आपलं आपण छापलेलं गावाचं नाव. कळफलकावर एक कळ अशी होती की ती दाबली की समोरच्या यंत्राला ‘तू कोण?’ असं विचारलं जाई. त्या यंत्रातलं पितळी चाक एक फेरा फिरे आणि त्यावर कोरलेलं नाव आमच्या कागदावर उमटे. तिथला माणूस खोटं बोलू शकला असता, चाक नाही.

मंगळवेढ्याच्या डेपोवर माझा थोरला भाऊ होता, महिपती. आई-वडील गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. स्वतः सातवीत शाळा सोडली आणि मला सोलापूरला कॉलेजात घातलं. ही नोकरीही त्यानेच कचेरीचे मुख्य हिरेमठ साहेब यांच्या मागे लागून मिळवून दिली.

आदल्या वर्षी ज्वारी इतकी आली की गोदामं पुरली नाहीत. म्हणून संघाने प्रत्येक डेपोजवळ जुनी पेवं घेतली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, आतून कडब्याने मढवलेलं धान्याचं कोठार. वर फक्त माणूस जाईल एवढं तोंड, त्यावर फरशी, फरशीवर शेणामातीचा लेप. बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपवतं आणि कर्बवायू सोडतं. तोंड उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस खाली बसतो तो उठत नाही. म्हणून ते उघडं ठेवून द्यायचं, दोरीने कंदील सोडून बघायचा, आणि मगच उतरायचं. वैशाख लागला होता. पावसाआधी पेवं रिकामी करायची होती. हिरेमठ साहेबांनी मला मजकूर दिला: सोमवारी सर्व पेवं उघडा, लॉऱ्या येत आहेत. मी फीत तयार करून खिळ्याला अडकवून ठेवली. ती शनिवारी सोडायची होती.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी खुर्चीवर बसते न बसते तोच यंत्र सुरू झालं. आमच्या पोचा इंग्रजीत येत. अर्थ लिहिते.

“संदेश मिळाला. पेव उघडलं नाही. अक्कलकोट.”

मी कोणताही संदेश पाठवलेला नव्हता. ‘तू कोण?’ची कळ दाबली. अक्कलकोट, असं छापून आलं. तेव्हा तिथल्या शिवप्पाला फोन लावला.

“इल्ला री ताई,” तो म्हणाला. “मी काय पाठवलो नाही. आत्ता कुलूप काढालोय बघा. मशिनीवर कापड तसंच हाय.”

“मग इथे छापून कसं आलं?”

“तुमची मशीन स्वप्नात बोलतीय काय की!” तो हसला. “बायकोला विचारू नका हां, ती म्हणंल ह्याच्यासारखीच हाय.”

मीही हसले. लाइनवर कधी कधी खोटे ठोके येतात. पण खोट्या ठोक्यांतून अक्षरांचा कचरा निघतो, वाक्य निघत नाही. ते मी तेव्हा बाजूला ठेवलं.

मंगळवारी बार्शीची पोच आली. “संदेश मिळाला. पेव उघडलं नाही. आत ज्वारी हलल्याचा आवाज येतो.” बार्शीलाही कुणी यंत्राला हात लावला नव्हता.

बुधवारी कुंभारी. “संदेश मिळाला. पेव उघडलं नाही. आतून हाक येते.”

कुंभारी जवळ आहे. दुपारी हिरेमठ साहेबांना सांगून मी एस.टी.ने गेले. ऊन असं होतं की रस्त्यावर कडेच्या बाभळीसुद्धा थरथरताना दिसत होत्या. डेपोवर राखणदाराची बायको दगडाबाई एकटीच ज्वारी पाखडत बसली होती. यंत्राची खोली बंद होती. किल्ली कारकुनाकडे, आणि कारकून लग्नाला गेलेला.

“बसा की ताई. पानी आनू?”

“आधी पेव दाखवा.”

“त्यात काय बघायचंय? तोंड मिटलेलं हाय. आमच्या मालकाचं मिटत न्हाय, ह्याचं तरी मिटतंय.”

पेव अंगणापलीकडे, उघड्यावर होतं. मी वाकून फरशीला हात लावला. आजूबाजूची माती चटके देत होती, फरशी मात्र गार होती. तिच्या कडेचा लेप वर्षापूर्वीचा. त्याला भेगा पडायला हव्या होत्या. तो ओला होता. बोट दाबलं तर ठसा उमटला. धान्य श्वास घेतं तेव्हा ओलही सुटते. तेवढ्याने लेप ओला राहील का, याचा मी मनात हिशेब केला. तो जमेना.

“आतून काही आवाज येतो का, दगडाबाई?”

“आत कोन बसलंय वरडाया? आमीच वरडतो की. तोंड उघडलं की मालक आपलंच नाव घिऊन हाक मारत्यात. हाक म्हागारी आली की मंग उतरत्यात.”

“आणि नाही आली तर?”

“तर उतरायचं न्हाय. आमच्या आज्ज्यापासनं असंच हाय.”

ही पद्धत मला माहीत होती. महिपतीही तेच करायचा. प्रतिध्वनीचा आणि आतल्या हवेचा काही संबंध नाही असं मी त्याला एकदा समजावलं होतं. पोकळी असेल तर आवाज परततो, एवढंच. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुन्हा हाक मारली.

निघताना छत्री पडवीतच राहिली. फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं. मी वळले आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर दगडाबाई छत्री घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरून माझ्याकडेच येत होती.

“घ्या. आनतीया म्हनलं की. किती येळा वरडायचं वं ताई?”

मी अजून हाक मारली नव्हती.

गुरुवारी सांगोल्याची पोच आली. “संदेश मिळाला. पेव उघडलं नाही. आतून नाव घेऊन हाक येते. ओ दिलेली नाही.”

चारही कागद घेऊन मी हिरेमठ साहेबांकडे गेले. ते चांगले गृहस्थ होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चारही वाचले.

“डेपोवाल्यांची चेष्टा आहे,” ते म्हणाले. “यंत्रावर बाई बसवली की पुरुषांना असले चाळे सुचतात. मी एकेकाला बघतो.”

“साहेब, कुंभारीची खोली बंद होती.”

“वच्छलाबाई, तुम्ही बी.एस्सी. ना? मग तुम्हीच सांगा, पाठवलाच नाही त्या निरोपाची पोच येते का?”

“येत नाही.”

“झालं तर.”

मी जागेवर येऊन एक दुसरी फीत तयार केली. पेवं उघडू नका, पुढची सूचना येईपर्यंत थांबा. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या फितीशेजारी तिला खिळ्याला अडकवलं. मग मंगळवेढ्याला ट्रंककॉल लावला.

महिपती खदाखदा हसला. “वच्छे, येवढं शास्त्र शिकलीस आन् पेवाला भ्यालीस व्हय? मला येऊन शिकवत हुतीस की, प्रतिध्वनी का काय ते.”

“दादा, मी गंमत करत नाही. सोमवारपर्यंत हात लावू नकोस.”

“बरं बाई. सोमवारपातूर न्हाय लावत. कंदील सोडीन, दोन दिस थांबीन, तुझ्या साह्यबाची चिठ्ठी घिऊन उतरीन. अजून काय? मिशा काढू?”

“काढ. वहिनी ओळखणार नाही.”

“तिनं आधीच वळख दिनं सोडलंय,” तो म्हणाला, आणि वेळ संपली म्हणून एक्स्चेंजने लाइन तोडली.

शुक्रवारी सकाळी मी मंगळवेढ्याच्या पोचेची वाट बघत बसले. चार आल्या होत्या, क्रमाने, रोज एक. पाचवी येणार हे धरून चालले होते. ती काय म्हणते ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणं मला प्रशस्त वाटेना. शेवटचं वाचन हाती नसताना आलेख पुरा करायचा नाही, हेच मी शिकले होते. दुसरी फीत हातात होती. यंत्र गप्प होतं. पंखा फिरत होता, आणि भोकं पाडताना निघालेले कागदाचे बारीक गोल ठिपके टेबलावरून इकडेतिकडे सरकत होते. अकरा वाजून गेले. पोच आली नाही.

मग मला सुचायला हवं होतं ते सुचलं. आलेल्या चार पोचा माझ्या हातातल्या फितीच्या होत्या; पाचवी येत नव्हती, कारण मंगळवेढ्याला ती वेळेत मिळणारच नव्हती.

मी ‘सर्व’ टाइप केलं आणि दुसरी फीत सोडली.

ती संपली. क्षणभर काही नाही. मग अक्कलकोट.

“संदेश मिळाला. पेव उघडलं नाही.”

बार्शी. “संदेश मिळाला. पेव उघडलं नाही. आत ज्वारी हलल्याचा आवाज येतो.”

कुंभारी. सांगोला. मी आधीचे चार कागद शेजारी ठेवले होते. शब्दाचाही फरक नव्हता. सांगोल्याने एक पूर्णविराम दोनदा दाबला होता. जुन्या कागदावरही तो दोनदा होता.

मग मंगळवेढा.

“संदेश उशिरा मिळाला. रिकामी लॉरी परत जात होती म्हणून पेव सकाळीच उघडलं. महिपती उतरला. दोघे वर आले.”

खाली गावाचं नाव नव्हतं. मी ‘तू कोण?’ची कळ दाबली. एकदाच दाबली.

मंगळवेढा, असं छापून आलं. यंत्र थांबलं. मग पुन्हा: मंगळवेढा.

पितळी चाक एका कळीला एकच फेरा फिरतं.

हिरेमठ साहेब तावातावाने आत आले. सांगोल्याहून त्यांना फोन आला होता. “हा निरोप कुणी पाठवायला सांगितला तुम्हाला? सोमवारच्या लॉऱ्या ठरल्यात माझ्या!”

मी मंगळवेढ्याची पोच त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली. “ही कोंडीबाची भाषा,” ते म्हणाले. कोंडीबा हा तिथला कारकून. “प्यालाय तो. चला, माझ्यासमोर फोन लावा.”

त्यांच्या खोलीतून ट्रंककॉल लावला. लाइन मिळायला बराच वेळ लागला.

“हॅलो,” असं कुणीतरी फार लांबून, बारीक आवाजात म्हणालं. आणि लगेच महिपतीचा भरदार आवाज: “हॅलो!”

“दादा?”

“बोल, वच्छे,” लांबून. “बोल, वच्छे,” जवळून.

“तू बरा आहेस?”

“मला काय धाड भरलीया? रिकामी लॉरी चालली हुती, म्हनलं फुकट कशाला जाऊ द्यायची. कंदील सोडला, हाक मारली, उतरलो. ज्वारी मोत्यावानी हाय.” हे सगळं मी दोनदा ऐकलं. आधी बारीक, मग मोठ्याने.

लाइनवर प्रतिध्वनी असतो. मी तो शेकडो वेळा ऐकलेला आहे. तो नंतर येतो.

“तुझ्याबरोबर वर कोण आलं?”

“कोन यील? म्या एकलाच उतरलो, एकलाच आलो.”

“कोंडीबाला फोन दे.”

“त्यो गेला घरला. भित्रं हाय येडं.”

साहेबांनी कान रिसीव्हरजवळ आणला. त्यांना एकच आवाज ऐकू येत होता, तो मोठा. ते मान डोलावत होते. माझं डोकं काम करत होतं. खात्री करण्याचा एक साधा मार्ग होता.

“दादा, एकदोन मोज. वाटेल तिथे थांब. लाइन तपासायची आहे.”

बारीक आवाज मोजू लागला. एक, दोन, तीन. त्याच्यामागून महिपती. बारीक आवाज सातवर थांबला. महिपती तेव्हा सहावर होता. तो सात म्हणाला आणि थांबला.

कुठे थांबायचं ते महिपती ठरवत नव्हता.

“झालं का?” लांबून. “झालं का?” जवळून. “आता माझं आईक. समद्यांना सांग, उघडा म्हनावं. येकायेकाला नगं. एकदम सांग, तुझ्या मशिनीवनं.”

“का?”

“का म्हंजे? काय बी न्हाय आत. उगं भ्यालेत समदे. तू सांगितलंस तर ऐकतील.”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. यंत्राच्या खोलीत जाऊन त्यांनी खिळ्यावरची पहिली फीत स्वतः काढून आणली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

“मिळालं समाधान?” ते मऊ आवाजात म्हणाले. “तुमचा भाऊच सांगतोय. लावा ही. झालं गेलं मी विसरतो.”

मी फितीकडे पाहिलं. एक आज्ञा, आणि चार गावांत चार माणसं फरशीचा लेप फोडायला बसली असती. आत वाकून त्यांनी आपापलं नाव घेतलं असतं.

आणि रिसीव्हरमध्ये ज्याने मला वाढवलं त्याचा आवाज होता.

“वच्छे,” तो म्हणाला, दोनदा. “माझं ऐकत न्हाईस व्हय? म्या कवा तुझं वाईट केलंय का? दुपारच्या यष्टीनं येतो मी. भाकरी टाकून ठेव.”

जर मी चुकत असले तर तो माझा दादा होता, धडधाकट, आणि मी त्याला तोडणार होते. गुरुवारपासून जे मी पुढे ढकलत आले होते ते आता आणखी ढकलता येणार नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते.

लाइनवर खरखर झाली. आणि लांबून, फार खोलातून, एक बाईचा आवाज आला.

आपला आवाज आपण बाहेरून सहसा ऐकलेला नसतो. तरी मी तो ओळखला. ती शांतपणे बोलली, सगळं वाक्य, शेवटपर्यंत. ती जे म्हणाली ते मी अजून ठरवलेलं नव्हतं.

मग पलीकडे दोघेही थांबले. मी काय म्हणते याची वाट बघत.

मी तोंड उघडलं.

“दादा,” मी म्हणाले, “मी कुणालाही उघडा म्हणून सांगणार नाही. आणि तू घरी येऊ नकोस. मी दार उघडणार नाही.”